ऊन पाण्याचा हंगाम

बद्रीनाथरावांनी गंगेच्या उतारावर इंजनाची नाव आणली तेव्हा गावाचं पहिलं नुकसान झालं ते बोलण्याचं.

आधी पुंजाराम भोयाची नाव होती. पल्याडची माणसं आष्टीचा बाजार करून परतताना तिच्यात दाटीवाटीनं बसत, आणि गंगा, म्हणजे आपली गोदावरी, ओलांडेपर्यंत एखादी सोयरीक जुळायची, एखादी फिसकटायची, कुणाच्या तरी बैलाला नसलेली खोड लागायची. नाव संथ होती, म्हणून विषय पुरवून वापरावे लागत. पुंजाराम बांबू रेटत मध्येच आपलं मत द्यायचा. ते कुणी मागितलेलं नसायचं, पण भर पाण्यात उठून जायची सोय नसल्यामुळं ऐकून घेतलं जायचं.

बद्रीनाथराव म्हणजे आष्टीचे मोठे खातेदार. उताराचा, म्हणजे माणसं नावेनं पार नेण्याचा, ठेका दरसाल त्यांच्याच नावावर निघायचा, आणि का निघतो हे विचारण्याइतकं रिकामं कुणी नव्हतं. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली ते सरकी विकायला मुंबईला गेले आणि येताना बंदरावरच्या भंगारातून डिझेलचं इंजन घेऊन आले. परतूरच्या स्टेशनावर ते उतरवलं, बैलगाडीत घालून गंगेवर आणलं, सुतारानं दुसरी एक नाव रुंद केली, आणि पहिल्या दिवशी सगळं गाव काठावर उभं राहून इंजनाचा आवाज ऐकत राहिलं. त्या दिवशी नावेतली माणसं ओरडून बोलली. दुसऱ्या दिवशी हातवारे केले. आठवडा उलटायच्या आत गप्प झाली. गंगा आता चुटकीसरशी ओलांडून व्हायची, आणि पलीकडे उतरलेली माणसं वेळ वाचवल्याच्या आनंदात एकमेकांचं तोंड न बघता आपापल्या वाटेला लागायची.

इंजनाबरोबर एक माणूसही आला होता. मच्छिंद्र. हा टेंभुर्णीचा, म्हणजे जालन्याच्याही पलीकडचा, पार उत्तरेच्या टोकाचा. जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ऑईल इंजनावर त्याची हयात गेली होती. बायको होती, पण ती हसनाबादला माहेरी राहायची. तेलाचा वास तिला सोसत नाही, असं तो सांगायचा. खरं काय ते हसनाबादला जाऊन विचारायला हवं होतं, पण इकडे त्याच्याबद्दल तेवढी उत्सुकता कुणाला होती? बद्रीनाथरावांनी त्याला काठावर पत्र्याची खोली बांधून दिली. गाव तिथून चढावर, लांब. दिवसा नाव, रात्री पत्रा.

पुंजारामची नाव ठेक्यातून गेली, तसा तोही बद्रीनाथरावांचाच नोकर झाला. इंजनाच्या नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बांबू घेऊन उभं राहायचं आणि काठ आला की नाव नीट लावायची, एवढंच काम. त्यानं मच्छिंद्राशी भांडण केलं नाही. भांडलं तर बोलावं लागतं. एकाच नावेच्या दोन टोकांना दोघं दिवस काढत, आणि पुंजारामला काही सांगायचं झालंच तर तो बांबू फळीवर आपटायचा. एकदा आपटला की हळू, दोनदा आपटला की थांब.

बाकीच्यांनी मच्छिंद्राला नाव विचारलं नाही. "ए इंजन, आज किती येळ?" असं काठावरून कुणी ओरडायचं. मच्छिंद्र हात वर करायचा. संध्याकाळी खोलीत भाकरी भाजताना तो स्वतःशीच काहीतरी म्हणायचा, आणि आपला आवाज ऐकून दचकायचा. दिवसा मात्र तो इंजनाशी बोलायचा. इंजनाशी बोलण्यात एक बरं असतं, ते उत्तर देतं. त्याचं उत्तर कळायला कान लागतो, आणि तो मच्छिंद्राला होता.

इंजनाला तेल लागतं तसंच पाणीही लागतं. नावेच्या बुडाला एक तोंड होतं, त्यावर बाहेरून जाळी. तिथून पंप गंगेचं पाणी ओढायचा, ते सिलिंडरभोवती फिरून आतली आग घ्यायचं आणि नावेच्या कुशीतल्या नळीतून परत गंगेत पडायचं. धार मनगटाएवढी आणि जेमतेम कोमट, म्हणजे सगळं बराबर. मच्छिंद्र दिवसभर त्या धारेकडे बघत बसायचा. दुसरं बघण्यासारखं काही असलं तरी ते त्याच्याकडे बघत नव्हतं.

दिवाळी झाली आणि धार बारीक झाली.

कशानं झाली हे त्याला लगेच कळलं. भर गंगेत आलं की बायका गंगेची ओटी भरतात. तांदूळ, हळदकुंकू, झेंडू, कुणी मानाची असली तर खण. पुंजारामच्या नावेमागं हे सगळं तरंगत निघून जायचं. आता बुडाला पाणी ओढणारं तोंड होतं, आणि गंगेला वाहिलेलं थोडं थोडं इंजनाच्या पोटी जायला लागलं होतं. उपाय साधा होता. आतली तोटी बंद करायची, पंपाच्या अलीकडचा जाळीचा डबा उघडायचा, साफ करायचा. त्यानं भागलं नाही तर बुडाची जाळी बघायची. त्यानंही नाही तर पंप खोलायचा. एका सकाळचं काम. तो दुसऱ्या दिवशी सकाळी करणार होता.

पण त्याच दिवशी दुपारी दुर्गाबाई धुणं घेऊन काठावर आली.

दुर्गाबाई गावातली जुनी विधवा. गुडघे धरलेले, जीभ मोकळी. नाव काठाला लागलेली, इंजन अजून धुगधुगत होतं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं नळीच्या धारेखाली हात धरला आणि झटकन मागं घेतला.

"अगं माय! ए इंजन, हे पाणी ऊन कसं काय?"

मच्छिंद्रानं मागं वळून पाहिलं. मागं नुसती गंगा होती.

"तुलाच म्हणून राह्यले. ऊन कसं काय पाणी?"

"इंजनाच्या पोटातून येतं, मावशी."

"बरंय म्हणायचं तुझ्या इंजनाचं पोट. माझी चूल भारा भारा खाऊन बी येवढं ऊन करत न्हाई." तिनं धुण्यासोबत आणलेली घागर धारेखाली लावली. धार बारीक, घागर भरायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिनं त्याला आपले दोन्ही गुडघे, सुनेचा स्वभाव आणि वैद्याचा मूर्खपणा सविस्तर सांगितला. घागर डोक्यावर घेताना म्हणाली, "नाव काय रं तुझं? दररोज इंजन इंजन काय म्हणावं. माणूस दिसतो तू."

"मच्छिंद्र."

"मच्छिंद्रा, उद्या ह्याच येळेला येते. तवा बंद करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबा उघडला नाही. दुपारी ती येणार होती.

ती आली, आणि सोबत झुंबरबाईला घेऊन आली. झुंबरबाईची लेक बाळंतपणाला आली होती. रोज दोन वेळचं न्हाणं, आणि जळणाची ही अशी वेळ की कपाशीच्या पळाट्या अजून रानात उभ्या, गेल्या सालचं सगळं सरलेलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मग कुणी म्हातारा पाय शेकायला, कुणी घोंगड्या धुवायला. थंडी पडत गेली तशी रांग वाढत गेली. झुंबरबाईनं एकदा जाता जाता नळीला हळदकुंकवाचं बोट लावलं. गाईला शेपटी तशी इंजनाला नळी, मग पुढं कपाळही असणारच, असं समजून एकीनं पुढच्या बाजूलाही लावलं.

नाव काठाला लागली की पूर्वी मच्छिंद्र इंजन बंद करायचा. आता तो ते मंद ठेवायचा. मंद इंजनावरून आवाज पोचतो. "गार पडलं तर पुन्हा उठत न्हाई," असं एक कारण त्यानं तयार ठेवलं होतं. ते कुणी विचारलं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्या हिवाळ्यात मच्छिंद्राच्या जमेला काय काय पडलं म्हणाल तर बरंच. गावात कुणाची म्हैस कुणाच्या रानात घुसली ते त्याला संध्याकाळपर्यंत कळू लागलं. झुंबरबाईच्या नातीला सटवीनं रात्री हसवलं हे त्याला तिच्या बापाआधी कळलं. दुर्गाबाई कधी वाटीभर हुलग्याचं माडगं आणायची आणि तो पिऊन होईस्तोवर वाटीसाठी थांबायची. वाटी हे निमित्त असावं असं त्याला वाटायचं, आणि ते खरं नसलं तरी वाटायला हरकत नव्हती. त्याचं स्वतःचं बोलणंही उजळलं. एकदा तर त्यानं जालन्याच्या जिनिंगमधली एक गंमत सांगितली आणि चारचौघी हसल्या. तो त्या दिवशी रात्री खोलीत भाकरी भाजताना तीच गंमत पुन्हा एकदा, जरा सुधारून, सांगून बघत होता.

नाळेवरून पुंजाराम हे सगळं बघायचा आणि पाण्यात थुंकायचा.

इंजन मात्र आपलं उत्तर देत होतं. चढत्या आवाजात ठोका पडू लागला होता. सिलिंडरच्या अंगावरचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. धुराड्याचा वास बदलला होता, जळक्या तव्यासारखा. मच्छिंद्र सिलिंडरला हाताची पाठ लावायचा आणि उचलून घ्यायचा, आणि म्हणायचा, "उद्या करतो बाबा. उद्या सकाळी." सकाळी उठायचा, पाना हातात घ्यायचा, आणि त्याला दुपार आठवायची. डबा साफ केला की धार मनगटाएवढी होणार, धार मनगटाएवढी झाली की पाणी कोमट होणार, आणि कोमट पाण्याला चढ उतरून कोण येतं? गंगेत तेवढं कोमट पाणी वैशाखात आपसूक असतं.

इथवर म्हणता आलं असतं की माणूस आळशी. पण पौषात एके दिवशी जाळीवरचा कचरा वाहत्या पाण्यानं आपणच थोडा सुटला असावा, कारण धार जाड झाली. दुर्गाबाईनं हात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"मच्छिंद्रा, आज कोमटच हाय रं."

"थांबा मावशी."

त्यानं फळी उचलली, खाली हात घातला आणि तोटी जराशी फिरवली. इंजनाचा श्वास अडकल्यासारखा झाला. धार बारीक झाली. थोड्या वेळानं तिच्यातून वाफ निघाली.

"आता कसं!" दुर्गाबाई म्हणाली. "बिलकुल बराबर."

काठावर बसलेल्या बायकांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. त्या कौतुकाकडे पाठ करून त्यानं फळी लावली. तोटी तशीच राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी झुंबरबाईची लेक बाळ घेऊन सासरी निघाली. सासर पल्याड. नाव भरलेली होती. बाजाराची माणसं, दोन शेळ्या, गुळाच्या ढेपा, आणि मधोमध दुपट्यात गुंडाळलेली ती नात. निरोपाला झुंबरबाईही पल्याडपर्यंत निघाली होती. "भाऊ, आज हळू न्या," तिनं मच्छिंद्राच्या कानाशी येऊन सांगितलं, आणि भाऊ म्हटल्यामुळं त्यानं उगाचच इंजन आणखी एकदा पुसलं.

भर गंगेत आल्यावर झुंबरबाईनं ओटी भरली. नात पहिल्यांदाच गंगा ओलांडत होती, तेव्हा ओटीही तशीच: पसाभर तांदूळ, नारळ, हिरवा खण. खण पाण्यावर पसरला, नावेच्या कुशीला चिकटला, आणि बुडाखाली गेला.

मच्छिंद्रानं धारेकडे पाहिलं. धार करंगळीएवढी होती, मग थेंब थेंब झाली, मग नुसती वाफ. त्यानं हात तेलाच्या दांड्याकडे नेला, पण त्याच्या आधी इंजनानं निकाल दिला. आतून एक किंकाळी आली, चाक जड झालं आणि थांबलं.

आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. पाणी फळ्यांवर चापटत होतं. शेळी ओरडत होती. बाळ इतका वेळ आवाजात झोपलं होतं, ते शांततेनं जागं झालं आणि रडायला लागलं. खालच्या अंगाला, जिथं पाण्यातून खडकांची ओळ वर येते, तिथली खळखळ सगळ्यांनी ऐकली, आणि नाव तिकडेच चालली होती.

पुंजारामनं बांबू टाकला. बांबू तळाला लागला नाही. त्यानं तो नावेत फेकला, नाळेखालचा दोर बांधलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात सोडला. दोर सरसरत गेला, ताणला, नावेनं एक गचका खाल्ला, तोंड फिरवलं आणि उभी राहिली. झुंबरबाईच्या लेकीनं बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की ते आता दुसऱ्याच कारणानं रडत होतं.

"पाणी वता की त्याच्यावर!" एक गूळवाला बादली घेऊन पुढं सरसावला. "जळून राह्यलंय ते!"

मच्छिंद्रानं त्याचं मनगट धरलं. "वतू नका! तापल्यावर गार पाणी पडलं की फुटंल. मंग कायमचंच बसू."

"मंग काय करायचं?"

"काय न्हाई. निवू द्यायचं."

निवायला वेळ लागणार होता. नाव धोंड्याला हेलकावत होती, ऊन पडलं होतं, आणि बुडणार नाही एवढं कळल्यावर माणसांनी नेहमीचं काम सुरू केलं. आधी इंजनाला शिव्या दिल्या. मग बद्रीनाथरावांना, पण हळू. मग कुणीतरी विचारलं की बाळाचं नाव काय ठेवलं, आणि तिथून जी सुरुवात झाली ती बाळाच्या आत्याकडून आत्याच्या दिरापर्यंत, दिराकडून त्यानं विकलेल्या जमिनीपर्यंत, आणि जमिनीवरून थेट भांडणापर्यंत गेली. भांडण मिटवायला पुंजारामनं नाळेवरून आपलं मत दिलं. कुणी मागितलेलं नव्हतं. माणसं हसली. झुंबरबाई डोळे पुसत हसली.

मच्छिंद्र इंजनाशेजारी उकिडवा बसून होता. या नावेत हे सगळं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सिलिंडरवर हात ठेवता येईल एवढं झालं तेव्हा त्यानं वरून थोडं तेल सोडलं आणि चाकाला हात घातला. हललं नाही. थोडं थांबून पुन्हा. तिसऱ्या वेळी चाक कुरकुरलं आणि बोटभर फिरलं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. चिकटलं होतं, मोडलं नव्हतं.

तोटी बंद करून त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत फुगलेल्या तांदळाचा लगदा, काळा पडलेला झेंडू, दोऱ्याच्या गुंत्यात अडकलेल्या बांगडीच्या काचा. सगळं खरवडून काढलं. मग तोटी पूर्ण उघडली. डब्यात पाणी उसळून यायला हवं होतं, नुसतं पाझरलं.

"बुडाची जाळी बंद हाय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते ठरलेलं नव्हतं. "खाली जावं लागंल. मला पोहता येत न्हाई."

नावेवर दिवस काढणाऱ्या माणसानं हे सांगावं म्हणजे मोठीच करमणूक होती, पण कुणी हसायच्या आत पुंजारामनं मुंडासं सोडलं, धोतर खोचलं आणि उडी घेतली. एकदा वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा हातात हिरवा खण होता, आणि खणाच्या मागं एक घाणेरडी चळत: चिंध्या, कुजकी फुलं, शेवाळ. ती त्यानं नावेत टाकली आणि डब्यात पाणी कारंज्यासारखं उसळलं.

चाक हातानं फिरवून पाहिलं, तरी पंप ओढेना. मच्छिंद्रानं त्याची झडप खोलली. तोंड मिटणाऱ्या गोळीखाली एक तांदूळ बसला होता, पांढरा, अख्खा. तो त्यानं नखानं काढला, पंपात हातानं पाणी भरलं, झाकण कसलं आणि कपाळावरचा घाम पुसला. पुंजाराम शेजारी बसून धोतर पिळत होता. इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता.

"हे आजचं न्हाई," पुंजाराम हळूच म्हणाला. "आजचा खण तेवढा. बाकीचं कधीचं कुजून राह्यलंय."

"असंल."

"आन् तोटी? ती बी अर्धी बंद व्हती. तू पिळताना पाह्यलं म्या."

मच्छिंद्रानं कसलेलं झाकण पुन्हा कसलं.

"तुला ठावं व्हतं न्हवं?"

"व्हतं."

"मंग कामून न्हाई काढलं?"

इंजन बंद होतं. पुंजाराम हातभर अंतरावर होता आणि उत्तराची वाट बघत होता. माणसं येत होती म्हणून नाही काढलं, एवढंच सांगायचं होतं. मच्छिंद्रानं पाना उचलला, खाली ठेवला, चिंधी शोधली.

"राहून गेलं," तो म्हणाला.

पुंजारामनं धोतर झटकलं. मग उठला, खण पिळून झुंबरबाईच्या हातात दिला आणि नाळेवर जाऊन दोर ओढायला लागला.

इंजन उठलं. नळीनं आधी वाफ टाकली, मग तांबडं पाणी, आणि मग मनगटाएवढी स्वच्छ धार. नावेतलं बोलणं जिथं होतं तिथं तुटलं.

बद्रीनाथरावांना आष्टीत सगळं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते घोड्यावरून काठावर आले. इंजन शाबूत आहे एवढं बघितल्यावर त्यांचा राग उरलेल्या गोष्टींकडे वळला.

"काठाला लागलं तरी इंजन चालू कामून राहतं? कंट्रोलचं तेल हाय हे, मोजून मिळतं! गावच्या आंघोळीसाठी आणलंय का मी?"

"न्हाई, मालक."

"यापुढं काठ आला की बंद. घाटावर धूर दिसला तर तुझी मला गरज न्हाई. तेल वाचव, बाबा. तेल."

ते गेले आणि थोड्या वेळानं बायका घागरी घेऊन उतरल्या. नाव फेरी करून नुकती काठाला टेकली होती, इंजन अजून बंद केलं नव्हतं, नळी वाहत होती. दुर्गाबाईनं पुढं होऊन हात धरला. काढला. दुसरा हात धरला, जणू पहिल्या हाताची चूक असावी.

"गारच म्हणायचं हे," ती म्हणाली. "मच्छिंद्रा, बिघडलं का रं तुझं इंजन?"

"न्हाई मावशी. नीट झालं."

"नीट झालं तर ऊन पाणी कुठंय?"

"नीट झाल्यावर ऊन येत न्हाई."

दुर्गाबाईनं बाकीच्यांकडे पाहिलं. इतका उलटा हिशोब तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. "एवढं बराबर चाललं व्हतं," ती म्हणाली, "कशाला खोलत बसला? चालत्या वस्तूला हात लावायचाच कशाला म्हणते मी!" आणि सगळ्यांना ते पटलं. इंजनवाल्यानं चांगलं इंजन खोलून नासवलं, यावर गावाचं तिथंच एकमत झालं.

मच्छिंद्रानं दांडा ओढून इंजन बंद केलं. त्या आणखी दोन दिवस आल्या, हात धरून गेल्या. मग पळाट्या उपटायला आल्या, घराघरात जळणाचे भारे पडले, आणि चढावरून घागरी यायच्या थांबल्या. झुंबरबाई नातीविना रिकामी झालेली, ती एकदा नावेत बसली तेव्हा त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली. इंजन चालू होतं. त्यानंही हसून घेतलं.

त्या दिवसांत कितीदा तरी त्याचा हात फळीखाली गेला. तोटी तिथंच होती, आणि किती फिरवायची हे हाताला पाठ होतं. एकदा तर बोटांनी धरलीही. मग त्याला धोंडा सुटल्यावर नावेनं खाल्लेला गचका आठवला आणि बाळाला कवटाळलेले ते दोन हात. तोटी त्यानं सोडली, फळी लावली, आणि वर खिळे ठोकले. खिळे काय, पुन्हा उपटता येतात. पण मध्ये थोडा वेळ जातो.

पुढं तो एक करायला लागला. काठ अजून बराच लांब असताना तेल तोडायचा. इंजन थांबायचं आणि नाव आपल्याच वेगानं सरकत राहायची. बद्रीनाथरावांना तेल वाचल्याचा आनंद झाला; त्यांनी चारचौघांत त्याची तारीफ केली. पुंजारामला सुरुवातीला बांबू जास्त रेटावा लागला म्हणून तो चिडला, मग त्याचा तो जुनाच वेग असल्यानं रुळला. आणि इंजन थांबून काठ लागेपर्यंतच्या त्या सरकत्या वेळात माणसं बोलायची. घाईघाईनं, उरलंसुरलं, एखादाच विषय. पुंजाराम त्यात मत टाकायचा.

मच्छिंद्र चिंधीनं इंजन पुसत ऐकायचा. कधी त्याला उत्तर सुचायचं. जिनिंगमधली ती गंमत तर कितीदा तरी बोलण्यात बसली असती. पण बोलणं एकमेकांकडे तोंड करून चाललेलं असायचं, आणि इंजनाच्या बाजूला सगळ्यांची पाठ असायची.

होळीच्या आधी दुर्गाबाई भावाकडून परत येत होती. सोबत भावजय, पहिल्यांदाच या नावेत बसलेली. इंजन थांबलं तसे तिनं कानांवरचे हात काढले आणि मागं वळून पाहिलं.

"ह्यो कोण वो, वन्सं?"

"इंजनवाला," दुर्गाबाई म्हणाली. "मच्छिंद्र का काय नाव हाय. भर थंडीत चांगला बोलायचा. लई ऊन पाणी यायचं तवा."

"आन् आता?"

"आता काय. इंजन बिघडलं, तवापासून ह्यो बी गुमान झाला. कुणाशी बोलत न्हाई."

मच्छिंद्रानं चिंधी खाली ठेवली. इंजन बंद होतं, वारा नव्हता, दुर्गाबाई दोन फळ्या पलीकडे बसली होती. त्यानं घसा साफ केला.

"मावशी," तो म्हणाला.

पुंजारामचा बांबू काठाच्या खडकावर वाजला. नाव टेकली, आणि सगळी माणसं एकदम उठली.